आमचा रस्ता कधी होणार? पुण्यातल्या रस्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी रस्त्यांच्या कामांच्या मागे लागलेलो आहे, त्यामुळे ओळखीचे-अनोळखी लोक मला प्रश्न पाठवत असतात आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. मी इंजिनियर नाही, महापालिकेत नोकरीलाही नाही. क्षेत्रीय कार्यालयाच्या (म्हणजे आपल्या भागातल्या महापालिकेच्या ऑफिसच्या) बाकावर बसून, फायली बघून, साईटवरच्या ज्युनियर इंजिनियर लोकांशी बोलून जे समजलं तेच इथे आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण महाराष्ट्रातल्या बाकी महापालिकांचा कायदा एकच असल्यामुळे (मुंबईचा वेगळा आहे) नाशिक-सोलापूर-कोल्हापूरवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

१. आमच्या घरासमोरचा रस्ता नक्की कोणाचा? महापालिका म्हणते आमचा नाही.

कधीकधी खरंच त्यांचा नसतो. बहुतेक रस्ते महापालिकेचेच आहेत, पण कात्रज ते देहूरोड बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, कॅम्पातले बरेच रस्ते पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, खडकीतले खडकी बोर्डाकडे, पिंपरी-चिंचवड ही तर वेगळीच महापालिका, आणि हद्दीबाहेर गेलात की पीएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पीडब्ल्यूडी (राज्याचं सार्वजनिक बांधकाम खातं) किंवा जिल्हा परिषद. उड्डाणपूल किंवा मेट्रोचं काम चालू असेल तर त्या पट्ट्यातला खालचा रस्ता नीट ठेवायची जबाबदारी करारानुसार काम करणाऱ्या यंत्रणेवर असू शकते. सगळ्यात जास्त घोळ हायवेच्या सर्व्हिस रोडवर होतो. अशा ठिकाणी तोंडी विचारू नका, "हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे" एवढा एकच प्रश्न लिहून द्या आणि पोच घ्या, म्हणजे "आमचा नाही" हे उत्तर तरी कागदावर येतं आणि ते घेऊन पुढच्या दारात जाता येतं. सोसायटीच्या आतल्या रस्त्याबद्दल प्रश्न १५ बघा.

२. पथ विभाग आणि क्षेत्रीय कार्यालय, दोन्हीकडे रस्ते कसे काय?

पुण्यात विभागणी रुंदीवर आहे. साधारण १२ मीटर आणि त्याहून मोठे रस्ते मुख्य खात्याकडे, म्हणजे पथ विभागाकडे, आणि त्यापेक्षा लहान गल्ल्या-बोळ तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे. हे माहीत नसल्याने किती वर्षं वाया जातात याचं उदाहरण मीच आहे. आमची गल्ली ९ मीटरची, आणि मी तीन वर्षं मोठ्या साहेबांना अर्ज करत राहिलो, ते अर्ज फिरत फिरत शेवटी ज्या टेबलावर आले ते आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. रुंदी डोळ्याने ठरवू नका, पार्किंग आणि अतिक्रमणामुळे १२ मीटरचा रस्ता ७ मीटरचा दिसतो. विकास आराखड्यात म्हणजे डीपीत किंवा मंजूर लेआउटमध्ये जी रुंदी लिहिली आहे तीच धरायची.

३. कोणता रस्ता आधी करायचा हे ठरवतं कोण? काही नियम आहे का सगळं वशिल्यावर चालतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कायद्याने सार्वजनिक रस्ते बांधणं आणि त्यांची देखभाल करणं हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये ते स्पष्ट आहे, म्हणजे इच्छा झाली तर करू असं म्हणायची सोय नाही. पण कोणता रस्ता आधी, हे कायदा सांगत नाही. ते ठरतं चार-पाच ठिकाणांहून आलेल्या याद्या एकत्र होऊन. एक यादी इंजिनियरची: ज्युनियर इंजिनियर आपापल्या भागात फिरून कुठे भेगा पडल्यात, कुठे रस्ता खचलाय, कुठे पाणी साठतं ते नोंदवतो, त्यावर उपअभियंता आणि कार्यकारी अभियंता आकडे घालतात. दुसरी यादी नगरसेवकांची, पुण्यात हिला "स यादी" म्हणतात, प्रभागातली छोटी छोटी कामं बजेटमध्ये याच वाटेने येतात. तिसरी नागरिकांच्या सूचनांची (प्रश्न ४). चौथी बाकी खात्यांची, म्हणजे पाणीपुरवठा आणि ड्रेनेजवाले जिथे लाइन टाकणार तो रस्ता आत्ता करायचा नाही अशी उलटी यादी. आणि पाचवी अशी की एखादी मोठी स्पर्धा, पालखी, व्हीआयपी दौरा, कोर्टाचा आदेश किंवा मोठा अपघात झाला की काही रस्ते एकदम वर सरकतात.

यातली इंजिनियरची यादी सगळ्यात महत्त्वाची असायला हवी असं माझं ठाम मत आहे. रस्त्याची अवस्था मोजता येते. भेगा, खड्डे, चाकोरी, खचणं हे सगळं मोजून प्रत्येक रस्त्याला गुण देता येतात, त्यात वाहनांची संख्या, बसचा मार्ग आहे का, शाळा-हॉस्पिटल आहे का, अपघात किती झाले हे मिळवलं की क्रम आपोआप लागतो. ही पद्धत नवीन नाही, गुपितही नाही. असा क्रम सगळ्यांना दिसेल असा लावला गेला तर वशिल्याला जागाच कमी उरते, कारण मग तिसाव्या नंबरचा रस्ता तिसऱ्या नंबरच्या आधी का केला याचं उत्तर कोणालातरी द्यावं लागतं. तोपर्यंत आपल्या हातात एकच आहे, आपला रस्ता या पाचपैकी निदान दोन-तीन याद्यांत असेल हे बघणं.

४. आमच्या रस्त्याचं काम बजेटमध्ये यावं यासाठी कधी आणि कुठे सांगायचं?

लोक जूनमध्ये खड्डे पडले की सांगतात, आणि तेव्हा चालू वर्षाचं बजेट मंजूर होऊन तीन महिने झालेले असतात. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पुढच्या वर्षाच्या याद्या खात्यांमध्ये पावसाळ्याच्या शेवटापासून बनायला लागतात, मग आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते स्थायी समितीतून (नगरसेवकांची, पैशांचे निर्णय घेणारी समिती) सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेत जातं. त्यामुळे अर्ज द्यायचा योग्य काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर.

याच सुमारास नागरिकांच्या सहभागाच्या बजेटसाठीही अर्ज मागवतात. पुण्यात हे २००६-०७ च्या बजेटपासून चालू आहे. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. यात फुटपाथ, दिवे, छोटी दुरुस्ती अशी लहान कामंच बसतात, एका कामाला रकमेची मर्यादा असते (बरीच वर्षं ती ५ लाख होती) आणि प्रभागालाही एकूण मर्यादा असते. त्यामुळे "पूर्ण रस्ता नवीन करा" असं लिहिलं की अर्ज बाजूला जातो, पण "अमुक चौक ते तमुक दुकान, डाव्या बाजूचा फुटपाथ, अंदाजे ४० मीटर" असं लिहिलं तर इंजिनियरला एस्टिमेट म्हणजे खर्चाचा अंदाज करता येतो. एकाच कामासाठी पाच-दहा घरांनी स्वतंत्र अर्ज दिले तर वजन पडतं.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ची निवडणूक या काळात पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्या काळात बऱ्याच लोकांची सांगायची सवय मोडली. आता परत प्रभागात लोकप्रतिनिधी आहेत, एका प्रभागात एकाहून जास्त आहेत, सगळ्यांना अर्जाची प्रत द्या.

५. बजेटच्या पुस्तकात आमच्या रस्त्याचं नाव आलं होतं, तरी काम झालंच नाही. असं कसं?

बजेटमध्ये नाव येणं म्हणजे पैसे ठेवायची परवानगी मिळणं, काम सुरू व्हायला त्यानंतर बराच प्रवास आहे. आधी पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट, ते सरकारी दरसूचीप्रमाणे, मग तांत्रिक मान्यता, ई-टेंडर, आलेल्या दरांची छाननी, स्थायी समितीची मान्यता आणि मग वर्क ऑर्डर. पुरेशी टेंडर आली नाहीत की परत टेंडर.

काम गळायची मुख्य कारणं म्हणजे जागा ताब्यात नसणं (प्रश्न १४), आधी ड्रेनेज किंवा पाण्याची लाइन टाकायची असणं, आणि वर्गीकरण. वर्गीकरण हा शब्द लक्षात ठेवा. एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मधेच दुसऱ्या कामाकडे वळवतात त्याला वर्गीकरण म्हणतात, त्याचा ठराव होतो, तो सार्वजनिक असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत असे ठराव जास्त येतात. आपल्या कामाचे पैसे कुठे गेले हे त्यातूनच कळतं. एका वर्षात न मावणारी मोठी कामं अधिनियमाच्या "७२ ब" कलमाखाली मंजूर करतात म्हणजे पुढच्या वर्षांच्या बजेटवर त्यांचा बोजा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे नवीन कामांना वाटतं तेवढे पैसे मोकळे नसतात.

मार्चअखेरीस बिलं निघाली नाहीत तर तरतूद बुडते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरभर एकदम कामं सुरू झालेली दिसतात. घाईत केलेल्या डांबराची किंमत आपण जुलैत मोजतो.

६. शेजारचा रस्ता बरा होता तरी परत केला, आमचा फुटलेला आहे तो तसाच. हा अन्याय नाही का?

कधी असतो, कधी नसतो. बरा दिसणारा रस्ता वेळेवर वरून एक थर देऊन जपला तर तो स्वस्तात टिकतो, आणि पूर्ण फुटलेल्या रस्त्याला तळापासून उकरून करावं लागतं ज्याला कित्येक पट खर्च येतो. म्हणजे बरा रस्ता आधी करणं शहाणपणाचं असू शकतं, घराला गळती लागण्याआधी कौलं शाकारतात तसं.

पण दोन गोष्टी तपासा. एक, तो रस्ता आधी कधी केला होता आणि अजून दोषदायित्व कालावधीत होता का (प्रश्न १२). असेल तर महापालिकेच्या पैशाने परत करायचं कारणच नाही, ते ठेकेदाराने करायचं. दोन, जुना थर खरवडून काढला का, का तसाच वर नवीन थर चढवला. खरवडायचं मशीन न आणता थरावर थर चढवला की रस्ता उंच होतो आणि घरं-दुकानं खड्ड्यात जातात, पहिल्या पावसात पाणी उंबऱ्याच्या आत. पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या पायऱ्या रस्त्यात बुडालेल्या दिसतात, त्या अशाच.

७. पॅचवर्क, रिसरफेसिंग, पुनर्बांधणी... यात फरक काय?

पॅचवर्क म्हणजे खड्ड्यापुरतं. नीट करायचं तर खड्डा चौकोनी कापायचा, सैल खडी आणि पाणी काढायचं, डांबराचा पातळ हात मारायचा, गरम माल भरायचा आणि रोलरने दाबायचा. नुसता माल ओतून घमेल्याने थापटला तर ते पॅचवर्क नव्हे. रिसरफेसिंग म्हणजे वरचा थर नवीन, खालचा पाया शाबूत असेल तरच उपयोग. पुनर्बांधणी म्हणजे पायासकट. तुमच्या अर्जात यातलं काय हवंय ते लिहा, एकाच जागी दरवर्षी खड्डा पडत असेल तर पाया किंवा पाणी हेच कारण असतं आणि तिथे पॅचवर्क मागून उपयोग नाही.

८. पावसाळ्यात बुजवलेला खड्डा चार दिवसांत परत कसा पडतो?

कारण डांबराचं आणि पाण्याचं वैर आहे. खडीला खडी धरून ठेवतं ते डांबर, भेगेतून पाणी आत शिरलं की ते डांबराला खडीवरून सोडवतं, वरून बसचं चाक गेलं की आतलं पाणी दाबाने इकडेतिकडे पळतं आणि सोबत बारीक माल घेऊन जातं. एक खडी सुटली की शेजारची सुटते. दोन दिवस पाणी साठलं आणि वाहनं चालू राहिली की पुरतं.

गरम डांबरी माल साधारण दीडशे अंशाच्या आसपास तयार होतो आणि गरम असतानाच दाबून घ्यावा लागतो. महापालिकेचा स्वतःचा हॉट मिक्स प्लांट येरवड्याला आहे, तिथून माल निघाला आणि ट्रॅफिकमध्ये अडकला आणि वरून पाऊस, तर पोचेपर्यंत तो दाबण्यालायक राहत नाही. भर पावसात म्हणून थंड माल, पेव्हिंग ब्लॉक किंवा काँक्रीट वापरतात, ती तात्पुरती मलमपट्टी असते आणि ती तशीच समजायची, पाऊस उघडल्यावर तिथे कायमची दुरुस्ती झाली का ते बघायचं. ही दुसरी पायरी बहुतेक वेळा राहूनच जाते आणि कोणी मागतही नाही.

मला स्वतःला एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पक्की पटली आहे, रस्त्याचं आयुष्य डांबरावर कमी आणि पाणी कुठे जातं यावर जास्त अवलंबून असतं. मधे उंच आणि कडेला उतार, कडेला पावसाळी गटाराची जाळी, ती जाळी मे महिन्यात साफ केलेली आणि गटार पुढे नाल्यापर्यंत खरंच पोचलेलं, एवढं असेल तर साधा रस्ताही वर्षानुवर्षं राहतो. त्यामुळे पावसात मी खड्ड्याचा फोटो काढण्याआधी पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं त्याचा व्हिडिओ काढतो. तुम्हीही काढा, आणि ऑक्टोबरच्या अर्जाला जोडा.

९. रस्ता झाला आणि आठ दिवसांत खोदला! यांचा आपसात काही ताळमेळ आहे का नाही?

ताळमेळ ठेवायची व्यवस्था कागदावर आहे. पाणीपुरवठा, ड्रेनेज, विद्युत, महावितरण, गॅस, इंटरनेट केबल या सगळ्यांनी आपापली वर्षाची खोदाई आधी पथ विभागाला कळवायची आणि परवानगी घ्यायची. पावसाळ्यात खोदाईला परवानगी नसते, साधारण ऑक्टोबर ते एप्रिलअखेर हाच काळ असतो. खासगी कंपन्यांकडून मीटरमागे खोदाई शुल्क घेतात, ते १२ हजारांच्या वर होतं असं मी शेवटचं पाहिलं, आणि त्या पैशातून रस्ता पूर्ववत करायचा असतो.

फिस्कटतं कुठे? पाण्याची लाइन फुटणं किंवा ड्रेनेज तुंबणं ही तातडीची कामं कोणालाच आधी सांगता येत नाहीत. त्यात गेल्या काही वर्षांत समान पाणीपुरवठा योजनेच्या नवीन लाइन जवळजवळ सगळ्या शहरात टाकल्या गेल्या, तेवढी खोदाई एका वेळी पुण्याने आधी पाहिली नसेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चर बुजवताना थर थर भरून दाबत नाहीत, माती लोटतात, वर डांबराची पट्टी ओढतात, ती पहिल्या पावसात खचते आणि दुचाकीचं चाक बरोब्बर त्यात अडकतं.

खोदाई दिसली की साईटवर फलक आहे का बघा: कोणाचं काम, किती मीटर, कधीपासून कधीपर्यंत. फलक नसेल तर परवानगीची प्रत मागा. परवानगी २०० मीटरची आणि खोदलं ५०० मीटर असंही निघतं.

१०. मग सगळे रस्ते काँक्रीटचेच का करत नाहीत?

काँक्रीटचा रस्ता नीट केला तर २५-३० वर्षं टिकतो आणि पाण्याने उखडत नाही, हे खरं. पण पहिला खर्च बराच जास्त, बांधल्यावर पाणी मारून पक्का व्हायला आठवडे जातात तेवढा रस्ता बंद, आणि एकदा झाल्यावर खालची पाइपलाइन फुटली की फोडणं आणि परत जोडणं दोन्ही अवघड. म्हणून काँक्रीटच्या आधी खालच्या सगळ्या लाइन बदलून, पुढच्यासाठी डक्ट (केबल-पाइप घालायची पोकळ नळी) ठेवूनच करायला पाहिजे. अरुंद गल्लीत भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट केलं की पाणी मुरायला जागा राहत नाही आणि झाडांच्या बुंध्याचा गळा आवळला जातो, झाडाभोवती मोकळी माती सोडायला सांगायचा हक्क आपल्याला आहे. मोठा, जड वाहनांचा, पाणी साठणारा रस्ता असेल तर काँक्रीट, बाकी गल्लीत चांगलं डांबर पुरतं असं माझं मत.

११. जंगली महाराज रस्ता पन्नास वर्षं टिकला, मग बाकीचे का नाही टिकत?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच. तो रस्ता १९७६ च्या सुमारास रेकॉन्डो नावाच्या कंपनीने १० वर्षं खड्डा पडणार नाही अशा हमीवर केला, आणि त्यानंतर कित्येक दशकं तो खरंच तसा राहिला. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ती दहा वर्षांची हमी. ठेकेदाराला माहीत होतं की बिघडलं तर आपल्याच खिशातून जाणार, म्हणून त्याने पहिल्यांदाच नीट केलं. आज टेंडरमध्ये हमीचा काळ त्याहून लहान असतो आणि त्याची अंमलबजावणी ढिली असते, तंत्रज्ञान तर आज तेव्हापेक्षा कितीतरी पुढे गेलंय. २०१६ नंतर याच रस्त्याचे फुटपाथ नवीन स्ट्रीट डिझाइनप्रमाणे रुंद केले, त्याबद्दल प्रश्न १३.

१२. दोषदायित्व कालावधी म्हणजे काय? आमच्या रस्त्याचा कसा शोधायचा?

काम पूर्ण झाल्यापासून ठरावीक वर्षं त्यात जो दोष निघेल तो ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचा, याला दोषदायित्व कालावधी किंवा डीएलपी म्हणतात. किती वर्षं ते टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, कामाच्या प्रकारानुसार बदलतं. ठेकेदाराची अनामत रक्कम तोपर्यंत महापालिकेकडे असते. वर्क ऑर्डरचा नंबर, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि डीएलपी कधी संपतो, एवढ्या तीनच गोष्टी मागा. आणि संपायच्या दोन-तीन महिने आधी रस्त्यावरून चालत जाऊन सगळे दोष फोटोसकट लेखी द्या, एकदा अनामत परत गेली की नंतरची दुरुस्ती तुमच्या-आमच्या करातून. मात्र मधे कोणी परवानगी घेऊन खोदलं असेल तर ठेकेदार त्या भागाची जबाबदारी झटकतो, म्हणून खोदाईच्या तारखांची नोंद ठेवा.

१३. गाड्यांसाठी एवढं चालतं, फुटपाथला प्राधान्य कधी?

कागदावर तर २०१६ पासूनच आहे. त्या वर्षी पुणे महापालिकेने पादचारी धोरण मान्य केलं आणि रस्त्यांच्या रचनेसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात चालणारा माणूस पहिला. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, लहान मुलं भर रस्त्यात खेळताना बघून डोळ्यात पाणी येतं. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे फुटपाथवर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे गुडघ्याएवढे फुटपाथ बांधले, मग त्यावर विजेचा डीपी बॉक्स, झाड, स्टॉल, आणि आजी-आजोबा खाली गाड्यांतून चालतात. फुटपाथची मागणी करताना "सलग" हा शब्द लिहा. प्रत्येक गेटपाशी चढ-उतार असलेला फुटपाथ व्हीलचेअरला काय कामाचा?

१४. डीपीत रस्ता ३० मीटर दाखवलाय, प्रत्यक्षात १० आहे. उरलेला कधी होणार?

डीपी म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा नकाशा, तारखेची हमी त्यात नसते. जुन्या हद्दीचा सध्याचा डीपी जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, त्याच्या आधीचा १९८७ चा होता. रस्त्याची जागा खासगी असते, ती टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), एफएसआय (त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी) किंवा रोख मोबदला देऊन घ्यावी लागते, आणि मालक तयार नसेल तर भूसंपादन. कात्रज-कोंढवा रस्ता हे मोठं उदाहरण: ८४ मीटर करायचं ठरलं, २०१८ मध्ये काम सुरू झालं, जमीनमालकांना टीडीआर नको रोख हवी, तेवढे पैसे नाहीत, शेवटी रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. मधल्या वर्षांत त्या रस्त्यावर अपघात होत राहिले. म्हणून जागा ताब्यात आल्याशिवाय वर्क ऑर्डर देऊच नये असं मला वाटतं.

डीपीत नसलेल्या लहान रस्त्यांसाठी अधिनियमाचं कलम २१० आहे, त्याने रस्त्याची रेषा ठरवतात आणि पुढे बांधकाम होताना तेवढी जागा सोडावी लागते. २०२० मध्ये ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला तो याच कलमाखाली, त्यावर बराच वाद झाला, कारण ९ मीटर झाला की तिथे टीडीआर वापरून उंच बांधता येतं. तुमच्या गल्लीबद्दल अशी नोटीस आली तर हरकतीची मुदत चुकवू नका.

१५. आमच्या सोसायटीच्या आतला रस्ता महापालिका करेल का? टॅक्स तर भरतो.

आतला रस्ता सोसायटीचा किंवा लेआउटमधल्या प्लॉटधारकांचा असेल आणि महापालिकेकडे वर्ग केलेला नसेल तर सहसा नाही. तो सगळ्यांसाठी खुला करून महापालिकेच्या नावावर करून दिला तर करता येतो, पण मग गेट लावून बाहेरच्यांना अडवता येत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही, आधी सोसायटीच्या सभेत ठरवा.

१६. आम्ही नव्याने आलेल्या गावात राहतो, इथे रस्ताच नाही.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली (त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर वगळली). इमारती आधी झाल्या आणि रस्ते, ड्रेनेज मागे राहिले. इथे क्रम उलटा करून चालत नाही, आधी ड्रेनेज आणि पाण्याची लाइन, मग रस्ता, नाहीतर प्रश्न ९ परत. कळकळीने सांगतो, घाईघाईत नुसता डांबराचा थर मागू नका, "ड्रेनेज लाइनचं काम कोणत्या वर्षात आहे" हे आधी विचारा.

१७. दारात स्पीड ब्रेकर हवाय, अर्ज कुठे?

क्षेत्रीय कार्यालय किंवा पथ विभाग (प्रश्न २ प्रमाणे), पण वाहतूक पोलिसांचं मत लागतं. नियमातला उंचवटा गोलसर असतो, १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पुढे-मागे फलक आणि पांढरे पट्टे. स्वतःच्या खर्चाने सिमेंटचा उंचवटा घालू नका, रात्री दुचाकीवाला मरतो त्याने.

१८. खड्ड्यामुळे अपघात झाला तर भरपाई मिळते का?

मिळू शकते. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने रकमाही ठरवून दिल्या: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. दावा बघायला समिती, त्यात महापालिका असेल तिथे आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे द्यायचे आणि ते नंतर दोषी ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे असंही आदेशात आहे. खड्ड्याची तक्रार आल्यावर ४८ तासांत दखल घ्यायची हेही त्यातच.

दुर्दैवाने असं झालं तर त्याच दिवशी कोणीतरी परत जाऊन खड्ड्याचा फोटो काढा, शेजारी दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल असा, शेजारी चप्पल किंवा पट्टी ठेवून खोली कळेल असा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजलेला असतो. पोलिसांत नोंद करा, हॉस्पिटलच्या कागदावर "गाडीवरून पडून" एवढंच न लिहिता "खड्ड्यामुळे पडून" असं लिहायला सांगा. रस्ता कोणाचा याचं उत्तर प्रश्न १ च्या पद्धतीने लेखी घ्या.

१९. महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली, "निकाली" असं दाखवतंय आणि खड्डा तसाच आहे. आता?

आधी तीच तक्रार परत उघडा, आजच्या तारखेच्या फोटोसह. नुसती नवीन तक्रार टाकली तर जुनी यशस्वी म्हणून मोजली जाते. मग टोकन नंबर घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा आणि कोणी, कोणत्या दिवशी, काय काम केलं ते विचारा. मोठ्या कामाची शंका असेल तर मेजरमेंट बुक बघायला मागा, त्यात किती लांबी, किती जाडी याची मापं असतात आणि बिल त्यावरच निघतं. आम्ही एकदा टेप घेऊन गेलो होतो, पुस्तकातली लांबी आणि जागेवरची लांबी जुळेना, लेखी दिल्यावर उरलेला तुकडा पुढच्या पंधरवड्यात झाला, भांडण करावं लागलं नाही.

फाइल बघायला माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, १० रुपये फी आणि ३० दिवसांत उत्तर. त्याशिवाय दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती इतर कार्यालयांनाही सांगितली. जाण्याआधी फोन करून सध्या चालू आहे का विचारा, फाइल आदल्या दिवशी काढून ठेवायला सांगा, आणि एकटे जाऊ नका, एकाने बघायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं.